सायप्रसमधले ग्रीक आणि तुर्की लोक खरंच इतके वेगळे आहेत का?

भाषा आणि धर्म वेगळे, हे खरं. पण ताटात बघा: ग्रीक भाषक ज्या चीजला ‘हालुमी’ म्हणतात, त्यालाच तुर्की भाषक ‘हेल्लिम’. युरोपीय संघाने २०२१ मध्ये दोन्ही नावांना एकत्रच संरक्षण दिलं.

खरी दरी आठवणींची आहे. तुर्की भाषकांना १९६३चा हिंसाचार विसरता येत नाही, ग्रीक भाषकांना १९७४चं तुर्की आक्रमण. घरं मात्र दोन्हीकडच्यांची सुटली. तेव्हापासून बेट तुर्की भाषक उत्तर आणि ग्रीक भाषक दक्षिण असं दुभंगलेलं आहे. २००३ मध्ये या दोन भागांमधले नाके उघडले तेव्हा हजारो माणसं पलीकडे आपलं जुनं घर बघायला गेली. मला तरी हेच सगळ्यात बोलकं वाटतं. तरीही २००४च्या सार्वमतात एकीकरणाच्या योजनेला उत्तरेत सुमारे ६५ टक्के होकार, दक्षिणेत ७६ टक्के नकार मिळाला.