जुन्या ट्रकचं इंजिन: आवाज कुठला, गळती कुठली?

प्रश्न: ट्रक जुना, सहा सिलिंडरचा, साध्या डिझेल पंपाचा आहे. स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) टिकटिक येते आणि लोड असताना चढाला ठकठक. एक मिस्त्री म्हणतो टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग), दुसरा म्हणतो इंजिन उतरवा. कोणाचं ऐकायचं?

उत्तर: दोघंही बरोबर असू शकतात, कारण हे दोन आवाज एकाच जागचे असतील असं नाही. एकेक वेगळा काढा.

आधी टिकटिक. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर एका व्हॉल्व्हचा आवाज मिनिटाला ३०० वेळा, म्हणजे सेकंदाला पाचदा येतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर टेका, मूठ कानामागच्या हाडाला लावा आणि एकेका सिलिंडरवर सरकत जा. शर्टाची बाही आणि गळ्यातला रुमाल पंख्यापासून लांब ठेवा. टिकटिक कव्हरपेक्षा एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ (धूर बाहेर नेणाऱ्या नळीजवळ) मोठी वाटली, तर तिथलं पॅकिंग (सांध्यातली गॅस्केट) बघा. फुटलेल्या पॅकिंगचा आवाज हुबेहूब टॅपेटसारखा असतो. फरक इतकाच, की तो थंड इंजिनावर जास्त येतो, धातू तापून फुगला की कमी होतो आणि फटीशी काजळीचा काळा फराटा दिसतो.

टॅपेटच निघाले तर गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट) तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात दिलाय तेवढाच ठेवा, आणि थंड इंजिनावर की गरम, तेही त्यातच बघा. एक्झॉस्टचा गॅप बहुतेक इंजिनांत इनटेकपेक्षा जास्त असतो, कारण तो व्हॉल्व्ह जास्त तापतो. १-५-३-६-२-४ या फायरिंग ऑर्डरच्या (सिलिंडर पेटण्याच्या क्रमाच्या) इंजिनात जोड्या १-६, ५-२ आणि ३-४ अशा पडतात. सहाव्याचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलताना दिसले (एक मिटतोय, दुसरा उघडतोय) की पहिल्याचा गॅप लावायचा. क्रँक १२० अंश फिरवला की दुसऱ्याचे हलतील, तेव्हा पाचव्याचा. पुढे याच क्रमाने.

गॅप बरोबर लावूनही टिकटिक राहिली, तर रॉकरचं टोक बघा. वर्षानुवर्षं आपटून तिथे खळगा पडतो. फीलर गेजची (फट मोजायच्या साधनाची) पाती सपाट असल्याने ती खळग्यावर पुलासारखी बसते. गेज सांगतं गॅप बरोबर, आणि प्रत्यक्षात तो जास्त असतो. अशा वेळी अंदाजाने घट्ट करून आवाज मारू नका. व्हॉल्व्ह पूर्ण मिटला नाही, तर काही दिवसांत जळतो. रॉकर बदला किंवा त्याचं टोक घासून घ्या.

आता ठकठक. इंजिन स्लोवर ठेवून एकेका नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाच्या) पाइपचा नट अर्धा फेरा सैल करायचा, म्हणजे त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं. नटावर जाड फडकं ठेवा आणि हात फवाऱ्यापासून दूर ठेवा, या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं. कॉमन रेल इंजिनावर (जिथे सगळ्या नोझलना एकाच सामाईक नळीतून दाबाचं डिझेल जातं) हा प्रयोग अजिबात करायचा नाही. तिथला दाब जीवघेणा असतो. एखादं सिलिंडर तोडल्यावर ठकठक थांबली किंवा एकदम मऊ झाली, तर दोष त्याच सिलिंडरमध्ये. मग ते नोझल शेजारच्या नोझलशी अदलाबदल करा, खालचे तांब्याचे वॉशर दोन्हीकडे नवे घाला. आवाज नोझलसोबत गेला तर नोझलचं काम. जागीच राहिला तर बिगएंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथलं), गजन पिन (रॉड पिस्टनला जोडणारी) किंवा पिस्टन. पिस्टनचा खडखडाट थंडपणी जास्त असतो आणि इंजिन तापलं की विरतो. बेअरिंग उलट वागतं: इंजिन तापून ऑईल पातळ झालं की त्याचा आवाज वाढतो.

इंजिन उतरवण्याआधी अजून दोन गोष्टी बघा. एक, ऑईलचं प्रेशर गरम इंजिनावर मोजा, तेही डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबून नाही. सेंडर (डॅशबोर्डला प्रेशर कळवणारा इंजिनावरचा भाग) काढून त्या जागी साधं गेज लावा. अंदाजासाठी दर १००० फेऱ्यांमागे १० पीएसआय (दाबाचं एकक) धरतात, नेमका आकडा पुस्तकातला. दोन, जुना ऑईल फिल्टर कापून त्याची घडी उलगडा. करवत वापरू नका, तिचाच कीस आत पडतो. कागद पिळून उन्हात धरा. चुंबकाला चिकटणारा चुरा लोखंडाचा. चुंबक ज्याला शिवत नाही असा करड्या रंगाचा, अभ्रकासारखा चमकणारा कीस बहुधा बेअरिंगचा. त्यात तांबूस कण दिसले, तर बेअरिंगचा वरचा मऊ थर संपून आतला थर घासतोय. तसं असेल तर गाडी चालवत न्यायची नाही, टोचन करून न्यायची. कनेक्टिंग रॉड तुटला तर इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर येतो.

प्रश्न: इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ऑईल ठिबकतं. क्रँकचं मागचं सील बदललं, तरी दोन महिन्यांत पुन्हा तेच.

उत्तर: ठिबकतं तिथूनच गळतं असं धरून चालू नका. ऑईल वरून ओघळतं आणि पंख्याचा वारा त्याला मागे ढकलतो. टॅपेट कव्हरचा मागचा कोपरा, प्रेशर सेंडर, टर्बोचा परतीचा पाइप, या सगळ्यांचा शेवटचा थेंब बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या घंटेसारख्या कवचाच्या) खालच्या भोकातूनच पडू शकतो.

तो थेंब बोटावर घेऊन वास घ्या. गंधकासारखा उग्र वास आला आणि रंग काळा नसेल, तर ते गिअर ऑईल. दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचा, इंजिनाचा नाही. काळं आणि जळका वास असेल, तर इंजिन ऑईल. मग थंड इंजिन रॉकेल आणि ब्रशने धुऊन पूर्ण सुकवा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर पातळ भुरभुरा आणि उभ्या गाडीवर पंधरा-वीस मिनिटं इंजिन चालवा. पावडरवर ओली रेघ उमटते. तिचं वरचं टोक शोधा. काही दिसलं नाही, तर लहान फेरी मारून पुन्हा बघा. सेंडरच्या वायरजवळून ऑईल येत असेल, तर सेंडरच आतून फुटलाय.

तरीही सीलच निघालं, तर ते इतक्या लवकर का गेलं हे आधी शोधा. आमच्या मते पहिला संशय ब्रीदरवर (इंजिनातला गॅस बाहेर सोडणाऱ्या नळीवर) घ्यावा. तो तुंबला की पिस्टनच्या रिंगांमधून खाली येणाऱ्या गॅसला वाट राहत नाही, चेंबरमध्ये (तळाच्या ऑईलच्या टाकीत) दाब साचतो आणि सर्वांत कमजोर सील ऑईल बाहेर टाकतं. इंजिन गरम करा, स्लोवर ठेवा, ऑईल भरायचं झाकण काढून उलटं तोंडावर नुसतं ठेवा. थोडं थरथरलं तर चालेल. उडून पडलं, तर ब्रीदर आणि त्याचा पाइप काढून साफ करा. तरीही उडत असेल, तर रिंगा आणि लायनर (सिलिंडरची आतली नळी) घासलेत, आणि कितीही सीलं बदला, ती टिकणार नाहीत.

ब्रीदर साफ असेल, तर क्रँकवर सील बसतं तिथे नख फिरवा. नख अडलं म्हणजे खाच पडली आहे. नवं सील त्याच खाचेवर बसवलं तर गळणारच. जागा असेल तर ते दोन-तीन मिलिमीटर आत-बाहेर सरकवून बसवतात, नाहीतर क्रँकवर पातळ स्लीव्ह चढवतात. रबरी ओठाचं सील ऑईल लावून बसवायचं, पण टेफ्लॉन ओठाचं कोरडंच बसवायचं. त्याला ऑईल किंवा ग्रीस लावलं, तर ते क्रँकवर नीट जमत नाही. आणि मागचं मेन बेअरिंग ढिलं असेल, तर क्रँक हलत राहून सील खातो; बेअरिंग केल्याशिवाय ते थांबत नाही.

प्रश्न: टॅपेट कव्हरचे बोल्ट कितीही आवळले तरी तिथून पाझरतंच. सिलिकॉन लावू का?

उत्तर: आवळूनच बिघडलं असेल. पत्र्याचं कव्हर बोल्टापाशी दबतं आणि दोन बोल्टांच्या मधे उचलतं. कव्हर काढून सरळ पट्टी लावून बघा, वाकलेला काठ लाकडावर ठेवून हलकेच ठोकून सपाट करा, नवं पॅकिंग घाला आणि बोल्ट मधून कडेकडे थोडेथोडे आवळा. सिलिकॉन फक्त कोपऱ्यावर, तेही ठिपक्याएवढं. जादा लावलेलं आत सुटून चेंबरच्या जाळीत अडकतं आणि ऑईल पंप उपाशी राहतो.

प्रश्न: ऑईल न भरता डिपस्टिकवरची पातळी वाढतेय.

उत्तर: इंजिन चालू करू नका. पातळी वाढते म्हणजे आत डिझेल किंवा पाणी येतंय. रात्रभर गाडी उभी ठेवा आणि सकाळी चेंबरचा ड्रेन बोल्ट जेमतेम सैल करा. पाणी जड, ते तळाशी बसतं आणि आधी बाहेर पडतं. तसं झालं, तर हेड पॅकिंग, लायनरचे रबर आणि ऑईल कूलर तपासा. पाणी नाही, पण ऑईल पातळ आणि डिझेलचा वास, तर फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा) डायफ्राम किंवा डिझेल पंपाचं सील. हे ऑईल तसंच ठेवून चालवलं, तर बेअरिंगं जातात. आणि पातळी फार वाढली, तर इंजिन स्वतःचंच ऑईल ओढून चावी बंद केली तरी बेफाम रेस घेऊ शकतं. फक्त झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरट साय असेल आणि डिपस्टिकवरचं ऑईल स्वच्छ असेल, तर घाबरू नका. थंडीत जवळच्या फेऱ्या मारल्या की तिथे दव धरतं.