वाचकांचे प्रश्न: चालतं मशीन भंगारात का घालायचं?

प्रश्न (सांगली जिल्ह्यातले एक ग्रंथपाल): आमच्या वाचनालयात तीन जुने डेस्कटॉप आहेत, तिन्ही विंडोज १० वर. दुकानदार म्हणतो सपोर्ट बंद झालाय, तिन्ही बदला नाहीतर व्हायरस घुसेल. एवढे पैसे आमच्याकडे नाहीत. काय करू?

उत्तर: दुकानदार अर्धं खरं बोलतोय, उरलेल्या अर्ध्यावर त्याचं दुकान चालतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला हे खरंय, पण म्हणून मशीन बंद पडत नाही, फक्त सिक्युरिटीचे अपडेट यायचे थांबतात, म्हणजे पुढे नवीन भोक सापडलं तर ते बुजवायला कोणी येणार नाही. घरच्या मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेट मिळायची सोय आहे, पण ती घरगुती वापरासाठी, संस्थेला वेगळे पैसे मोजावे लागतात. बरं, विंडोज ११ टाकावं म्हटलं तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा, म्हणजे मशीन २०१७ च्या आधीचं असेल तर विषयच संपला. रॅम आहे, डिस्क आहे, स्क्रीन चकाचक, गडी धडधाकट, पण गेटवरचा वॉचमन म्हणतो आधी ओळखपत्र दाखव! मला या प्रकाराचा मनापासून राग येतो, चांगली चालणारी मशीनं एका चिपपायी भंगारात जाणार आणि वर आपण ई-कचऱ्यावर चर्चासत्रं भरवणार.

माझं ऐकाल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाका, फुकट आहे. पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, मशीन चालू करताना एफ१२ दाबा (कंपनीप्रमाणे एफ२, एफ९, काहीही असू शकतं) आणि डिस्कला हात न लावता आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा, वायफाय लागतंय का, प्रिंट निघतेय का. मी माझ्या २०१३ च्या लॅपटॉपवर हेच केलं, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, मागचे स्क्रू सगळे काढले तरी झाकण हलेना, शेवटचा स्क्रू रबराच्या पायाखाली लपलेला निघाला, पाऊण तास त्यात गेला. पण तो लॅपटॉप आजही आईच्या भजनांसाठी आणि माझ्या हिशोबांसाठी सुरू आहे.

तुमच्याकडे खरी गोम निघेल ती फॉन्टची. पुस्तकांची यादी बहुतेक श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असणार. त्यात आत मराठी अक्षर नसतंच हो, आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात आणि वरून फॉन्टचा मराठी मुखवटा. नव्या मशीनवर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो, आमच्या सोसायटीचं जुनं इतिवृत्त मी असंच उघडलं तर पानभर डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं आणि मधेमधे पौंडाची चिन्हं! म्हणून विंडोज आहे तोवरच त्या फाइली कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये (म्हणजे आतही खरं मराठी अक्षर असतं त्या पद्धतीत) करून घ्या आणि नंतर रफार आणि पहिली वेलांटी नीट तपासा, गडबड तिथेच होते. पुढचं टायपिंग इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर करा, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आठवडाभर चिडचिड होईल मग हात बसतो. ‘दुसऱ्या’तला ऱ्य जमत नाही म्हणून लोक अडून बसतात, शिफ्ट धरून जे, मग डी, मग य, झालं.

प्रश्न (नागपूरहून): मुलगा म्हणतो परदेशी कंपनी उद्या आपलं सॉफ्टवेअर बसल्या जागी बंद करू शकते. हे खरं की व्हॉट्सॲपवरचं काहीतरी? आणि मग सगळं स्वदेशीच वापरावं का?

उत्तर: खरंय, झालंय असं. गुजरातेत वाडीनारला नायरा एनर्जीची रिफायनरी आहे, कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा ४९ टक्क्यांच्या आसपास हिस्सा. जुलै २०२५ मध्ये युरोपियन युनियनने तिच्यावर निर्बंध लावले आणि काही दिवसांत मायक्रोसॉफ्टने त्यांची ईमेल वगैरे सेवा थांबवली. पैसे भरलेले, कंपनी भारतात, भारताने निर्बंध लावलेले नाहीत, तरी मेल बंद. नायरा दिल्ली हायकोर्टात गेली तेव्हा कुठे सेवा परत आली. त्यानंतर दोनच महिन्यांत केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी झोहो या भारतीय कंपनीच्या सॉफ्टवेअरवर जात असल्याचं जाहीर केलं, तिचंच चॅटचं अरट्टाई ॲप एका आठवड्यात घराघरात पोचलं, आमच्या ग्रुपवर तर ते न घेणारा जवळजवळ देशद्रोही ठरला होता.

मला झोहोचं कौतुकच आहे, पण ते व्हायरल झालं तेव्हा अरट्टाईतल्या टेक्स्ट मेसेजना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाच वाचता येऊ नये असं कुलूप, नव्हतं हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. कुलूप देशी आहे एवढ्याने काय होतं, किल्ली कोणाकडे ते बघा ना. आपल्या पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचंच घ्या, अमेरिकेने हवा तेवढ्या ताकदीचा क्रे सुपरकॉम्प्युटर दिला नाही म्हणून १९८८ साली संस्था काढली आणि १९९१ मध्ये विजय भटकरांच्या टीमने परम ८००० उभा केला, शाळेत आपण अभिमानाने ऐकलेली गोष्ट. पण त्यातले प्रोसेसर इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे होते, हे फारसं कोणी सांगत नाही. मला त्यात कमीपणा वाटत नाही, उलट बाजारात मिळणारे सुटे भाग आपल्या डोक्याने जोडले आणि जोडणी आपल्या हातात ठेवली, हेच तर भारी होतं. तेव्हा सॉफ्टवेअर कुठल्याही देशाचं घ्या, फक्त फाइली दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडतात का आणि मेलची एक कॉपी आपल्या डिस्कवर आहे का एवढं बघा, मग कोणी बंद केलं तरी तुम्ही सोमवारी कामाला बसू शकाल.

प्रश्न (नाशिकहून): मुलीसाठी पीसी जोडायचाय, रॅमचे भाव ऐकून गार पडलो. थांबू का?

उत्तर: एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी मेमरीची रांगच अडवलीय. मोठे बनवणारे तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, त्यातल्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल हा आपला घरगुती ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं सांगितलं. परीक्षा तोंडावर असेल तर सोळाऐवजी आठ जीबी घ्या, एक स्लॉट रिकामा ठेवा आणि पुढे बघा. नड नसेल तर थांबा.

प्रश्न (ठाण्याहून, नाव नको म्हणालेत): लिनक्सची एवढी फुशारकी मारता, तुमच्या खिशातला फोन कुठला?

उत्तर: सापडलो. अँड्रॉइड, गूगलसकट. आतमध्ये लिनक्सचाच कर्नल, म्हणजे गाभा, असतो असं म्हणून सुटता आलं असतं, पण ती पळवाट झाली. गूगल काढून टाकलेलं अँड्रॉइड मी घालून पाहिलंय, तीन आठवडे टिकलो. बँकेचं ॲप म्हणायला लागलं हा फोन सुरक्षित नाही आणि उघडेचना, संध्याकाळी भाजीवाल्यापुढे सत्तर रुपयांसाठी सगळे खिसे उलटे केले, तो बिचारा म्हणाला राहू दे, उद्या द्या. त्या रात्रीच परत जुनं टाकलं. फोटो मात्र महिन्यातून एकदा केबल लावून डिस्कवर उतरवतो, बायको विचारते सगळं क्लाउडवर जातं ना, मग ही वायर कशाला, आणि दर वेळी माझं उत्तर इतकं लांबतं की तिचा चहा होऊन जातो.