इंडिकेटरचा बल्ब घरीच बदल
एका बाजूचा इंडिकेटर भराभर टिकटिकायला लागला की त्या बाजूचा बल्ब गेलाय, असं समज. इंजिन गार होऊ दे. बॉनेट उघडून हेडलाइटच्या मागचा होल्डर घड्याळाच्या उलट दिशेने फिरव, बाहेर येईल. बल्ब आत दाबून फिरवला की सुटतो.

पुण्यात नाना पेठेत, म्हणजे गाडीच्या सुट्या भागांच्या बाजारात, जाताना जुना बल्ब सोबत ने, हे फार महत्त्वाचं. पिवळ्या ‘पीवाय२१डब्ल्यू’च्या दोन पिना अगदी समोरासमोर नसतात, पांढऱ्या ‘पी२१डब्ल्यू’च्या असतात. दोन्ही २१ वॅटचेच, पण एकाच्या जागी दुसरा नीट बसत नाही. जबरदस्ती केलीस तर होल्डर खराब होईल. एलईडीचा मोह नको, कमी वॅटमुळे टिकटिक पुन्हा वाढू शकते. होल्डरचं रबर नीट बसव, पावसात तिथूनच पाणी शिरतं.