युटातली ती गुप्त टोळी खरंच होती का?

तुम्ही विचारलंय की शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कादंबरीत मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची जी टोळी आहे, रात्री येऊन माणसं गायब करणारी, ती खरी होती का लेखक डॉयलसाहेबाने नुसता मीठमसाला लावलाय. मी अमेरिकेतल्या युटा राज्यात सहा वर्षं काढली (शेजारीपाजारी सगळे मॉर्मन, चहासुद्धा पीत नाहीत, त्यामुळे कोणी घरी आलं की बायकोची पंचाईत), तेव्हा या विषयाचं वेडच लागलं होतं, म्हणून जरा लांबण लागेल.

टोळीचं आधी उरकतो. डॅनाइट नावाची संघटना होती, पण ती मिसुरीत, १८३८ साली. त्याच वर्षी तिथल्या गव्हर्नर बॉग्जने मॉर्मनांना राज्यातून हाकला नाहीतर संपवा असा लेखी हुकूम काढला आणि तीन दिवसांनी हॉन्स मिलला १७ मॉर्मन मारले गेले, म्हणजे त्यांची भीती काही हवेतली नव्हती. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथला डॅनाइटांचं किती ठाऊक होतं यावर अजून भांडणं चालूच आहेत. पण पुढे युटात हीच टोळी घरोघरी फिरत होती याला भक्कम पुरावा नाही. डॉयलची कादंबरी १८८७ ची आणि तो युटातल्या सॉल्ट लेक सिटीत गेला १९२३ मध्ये, तेही मॉर्मनांच्याच टॅबरनॅकलमध्ये (त्यांचं मोठं सभागृह) भाषण करायला!

मग या कथा आल्या कुठून, तर बऱ्याचशा कबुलीजबाबांतून. बिल हिकमन म्हणून एक होता, खुनाच्या आरोपात अडकल्यावर त्याने सांगितलं की मी ब्रिगहॅम यंगच्या (स्मिथनंतरचा मॉर्मनांचा प्रमुख) हुकमावरून माणसं मारली, आणि ते १८७२ मध्ये छापलं बीडल नावाच्या कट्टर मॉर्मनविरोधी पत्रकाराने. आता एकाला मान सोडवायची आहे, दुसऱ्याला पुस्तक खपवायचंय, त्यातलं कुठलं वाक्य कोणाचं हे कसं ठरवणार? मी तरी दुसरीकडून दुजोरा असल्याशिवाय यातलं काही धरत नाही.

पण म्हणून "सगळी बदनामीच" असं म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही, कारण युटातल्या माउंटन मेडोज या माळावरचं हत्याकांड. ११ सप्टेंबर १८५७. आर्कान्सातून कॅलिफोर्नियाला निघालेला बैलगाड्यांचा तांडा, चार-पाच दिवस वेढ्यात अडकलेला, आणि जॉन ली नावाचा मॉर्मन पांढरं निशाण घेऊन गेला की शस्त्रं ठेवा, आम्ही सुखरूप पोचवतो. मग प्रत्येक पुरुषाबरोबर एक हत्यारबंद मॉर्मन चालवला आणि इशारा झाल्यावर सुमारे १२० माणसं मारली, बायकापोरांसकट. फक्त १७ लहान मुलं ठेवली. यात कसली गुप्त टोळी नव्हती हो, गावची मिलिशिया (नागरिकांचं हत्यारी दल) होती, म्हणजे शेतकरी आणि गावचे धर्माधिकारी, सगळे एकमेकांना नावाने ओळखणारे. मला कादंबरीपेक्षा हे जास्त भयंकर वाटतं.

हे घडलं का यावर वाद नाही, वाद आहे हुकूम कोणाचा यावर. त्या उन्हाळ्यात अमेरिकेची फौज युटावर चालून येत होती, वर्षभर व्यासपीठांवरून रक्ताने पाप धुण्याची भाषा चालली होती, डोकी तापलेलीच होती. सीडर सिटी या तिथल्या गावाहून हॅस्लम नावाचा स्वार यंगला विचारायला घोड्यावरून गेला आणि यंगचं १० तारखेचं उत्तर आलं की तांड्याच्या वाटेला जाऊ नका. ते पोचलं १३ तारखेला, दोन दिवस उशिरा. चर्चवाले या पत्रावर बोट ठेवतात. दुसरी बाजू म्हणते, १ तारखेला यंगने पायूट आदिवासींच्या सरदारांना दक्षिणेच्या वाटेवरची गुरं घ्या म्हणून मोकळीक दिली होती, ते यंगच्याच दुभाष्याच्या डायरीत आहे. माझं मत विचाराल तर थेट हुकूम सिद्ध होत नाही, पण हात झटकताही येत नाहीत. १८६१ मध्ये यंग त्या जागी गेला, तिथे लष्कराने उभारलेल्या क्रॉसवर "सूड घेणं माझं काम, असं प्रभू म्हणतो" अशा अर्थाचं वचन होतं. ते वाचून यंग म्हणाला की सूड माझा, आणि मी थोडासा घेतलाय असं हवं होतं. हे कोणा विरोधकाने नाही, त्याच्या जवळच्या वुडरफने डायरीत लिहून ठेवलंय, म्हणून मी याला हिकमनच्या अख्ख्या पुस्तकापेक्षा जास्त वजन देतो.

आणि काही जण म्हणतात की सगळं पायूट आदिवासींनी केलं. ही तर मारणाऱ्यांनीच आधी पसरवलेली गोष्ट! काही पायूट सामील होते असं बहुतेक अभ्यासक मानतात, पण १९९९ मध्ये स्मारकाच्या कामासाठी जेसीबीने खणताना किमान २८ माणसांची हाडं वर आली, कवट्यांवर जवळून मारलेल्या गोळ्यांची भोकं, आणि पायूटांच्या नावावर खपवलेल्या गळे कापल्याच्या, टाळू सोलल्याच्या कथांना साजेशा सुरीच्या खुणा काही मिळाल्या नाहीत. शिक्षा एकट्या जॉन लीला झाली, १८७७ मध्ये त्याच माळावर नेऊन गोळ्या घातल्या. आणि पायूटांच्या माथी जो आळ मारला होता त्याबद्दल चर्चने खेद व्यक्त केला तो २००७ मध्ये, दीडशे वर्षांनी.