स्वतः ऑलिंपिक सुवर्ण न जिंकलेला फिगर स्केटर मोठा कोच होऊ शकतो का?

हो. कॅनडाच्या ब्रायन ऑर्सरचंच बघा ना.

1984 च्या सारायेव्हो ऑलिंपिकमध्ये ट्रिपल ॲक्सेल मारणारा तो पहिला. ही उडी पुढे तोंड करून घेतात, त्यामुळे हवेत तीन नाही, साडेतीन फेऱ्या होतात. तरी पदक रौप्यच. 1987 ला तो जगज्जेता झाला. पुढच्या वर्षी कॅलगरीत, घरच्या मैदानावर, उद्घाटनाला देशाचा झेंडाही त्याच्याच हातात होता. पण ट्रिपल फ्लिप (तीन फेऱ्यांची आणखी एक उडी) उतरताना पाय जरा डगमगला, दुसरा ट्रिपल ॲक्सेल त्याने डबलवर, म्हणजे एक फेरी कमी करून, आणला, आणि पाच विरुद्ध चार परीक्षकांनी सुवर्ण अमेरिकेच्या ब्रायन बॉयटानोला गेलं. दोघांचं नावही एकच, म्हणजे चिडवायला लोकांना आयतंच!

नंतर बरीच वर्षं शो केले. मग टोरांटोच्या क्रिकेट क्लबमध्ये (नाव क्रिकेटचं, पण आत बर्फाचा रिंक आहे) माजी आइस डान्सर ट्रेसी विल्सनसोबत कोचिंग. तिथे चॅम्पियनसुद्धा इतरांबरोबर रांगेत साध्या स्ट्रोकिंगचा सराव करतात. उड्या नाहीत, फक्त गुडघा वाकवून लांब, आवाज न करता घसरणं. मला वाटतं खरी मेख इथेच आहे.

2010 मध्ये त्याची शिष्या, कोरियाची किम यू-ना, सुवर्ण घेऊन गेली. मग त्याच्याच दुसऱ्या शिष्याने, जपानच्या युझुरू हान्यूने, 2014 आणि 2018 असं दोनदा घेतलं. 2018 ला कांस्यही ऑर्सरच्याच शिष्याला, स्पेनच्या हावियर फर्नांडेझला.