घाटात ऑटोमॅटिक चालेल का?

प्रश्न: आम्ही खानापूरचे, चोर्ला घाटातून गोव्याला सारखं जाणं असतं. मुलगा म्हणतो एएमटी, म्हणजे क्लचचं पेडल नसलेली ऑटोमॅटिक, घ्या, मला क्लचची सवय. काय करू?

उत्तर: काका, मुलाचं ऐका, पण एक लक्षात घ्या, २०१४ला मारुतीची सेलेरिओ आली तेव्हापासून जी ही स्वस्तातली एएमटी ऑटोमॅटिक मिळायला लागली तिच्यात गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, फक्त क्लच दाबून गिअर टाकायचं काम गाडी स्वतः करते, म्हणून मधेच हिसका बसतो नि क्लचप्लेटही झिजतेच. चढावर पुढं ट्रक अडकला तर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, प्लेट तापते, सरळ ब्रेक दाबा. उतारावर मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गिअर धरा, नाहीतर ब्रेकचा जळका वास सुटेल. खडेबाजारच्या गर्दीत मात्र डाव्या पायाला सुट्टी! मी असतो तर तेवढ्यासाठीच घेतली असती.