भाडं थकलंय, खोली खाली करायची नोटीस आलीय आणि वकील परवडत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वडील नाहीत, आई चार घरची कामं करते, तीन महिन्यांचं भाडं थकलंय आणि मालकाच्या वकिलाची नोटीस आलीय: ‘पंधरा दिवसांत खोली खाली करा.’ वकिलाची फी कुठून आणायची, असं विचारलंय. फी भरावीच लागणार नाही. पण नोटीस घेऊन उद्याच घराबाहेर पडा, पंधरा दिवस संपायची वाट बघू नका.

जायचं आहे ते तालुका विधी सेवा समितीच्या किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात. हे कार्यालय बहुतेक ठिकाणी कोर्टाच्या आवारातच असतं. सापडलं नाही तर १५१०० या हेल्पलाइनवर विचारा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे आणि त्याच्या कलम १२ प्रमाणे कोणतीही स्त्री मोफत वकिलाला पात्र आहे, मग तिचं उत्पन्न कितीही असो. म्हणून अर्ज आईच्या नावाने करा. खोली तिच्याच नावावर असेल तर तसंही तेच बरोबर. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग व्यक्तींनाही उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला ३ लाख रुपयांची मर्यादा आहे आणि उत्पन्नाबद्दल स्वतःचं प्रतिज्ञापत्र चालू शकतं. तहसीलच्या दाखल्यासाठी अडून बसू नका.

वकिलाच्या फीबरोबर कोर्ट फी, कागद तयार करण्याचा, टंकलेखनाचा आणि नकलांचा खर्चही यात येतो. नेमलेल्या वकिलाने पैसे मागितले तर देऊ नका, प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा. सचिव न्यायाधीश असतात. वकील तारखेला येत नसेल तर बदलून मागता येतो. मी काही वर्षं अशा कार्यालयात विधी स्वयंसेवक म्हणून बसतो. लोक तिथे येतात तेच मान खाली घालून, जणू काही मागायला आलेत. मला त्याचं फार वाईट वाटतं. हा तुमचा हक्क आहे, राज्यघटनेच्या कलम ३९अ मधून आलेला.

आता तुमच्या नोटिशीबद्दल. तुम्ही भाडेकरू असाल तर बहुतेक करून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ तुम्हाला लागू होतो. भाडं थकलं या कारणावर दावा लावायचा तर मालकाला आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून ९० दिवस थांबावं लागतं. पंधरा दिवस लिहिले म्हणून सोळाव्या दिवशी तुम्ही रस्त्यावर येत नाही. त्यानंतर दावा लागलाच, तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी, तिच्यावर वर्षाला १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला आणि पुढचं भाडंही नियमित भरत राहिलात, तर थकबाकीच्या कारणावर घर जात नाही. तेव्हा पैसे जमवायला आत्तापासून लागा. जमेल तेवढं भाडं मालकाला पाठवा, पण हातात रोख देऊ नका. बँकेतून किंवा मनीऑर्डरने पाठवा. तो परत करेल तर ती परत आलेली मनीऑर्डरही जपून ठेवा, भाडं द्यायची तुमची तयारी होती हे तीच दाखवते.

लेखी करार झालेलाच नाही म्हणून घाबरला असाल तर एक सांगतो. करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकलीय. करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं असेल तर ते मालकाने करायचं.

आणि करार आहे, पण अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स आहे, म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी आहे, असं असेल तर भाडेकरूंबद्दलचं वरचं जवळजवळ सगळं बाजूला ठेवा. हा फरक लोकांना कुणी सांगतच नाही. लायसन्सची मुदत संपली की मालक नेहमीच्या कोर्टात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करतो. तिथून समन्स आलं की ३० दिवसांच्या आत, आपल्याला प्रकरण का लढवायचं आहे हे प्रतिज्ञापत्रावर सांगून परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही तर मालकाने लिहिलेलं सगळं कबूल धरलं जातं. शिवाय मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट शुल्काचा बोजा बसू शकतो. आमच्या मामाकडे असंच समन्स आलं होतं. त्याने ते देवघरातल्या फळीवर ठेवलं. साहेबांचा कागद आहे, कुणी वाचून सांगेल म्हणून. मला दाखवलं तेव्हा चाळीस दिवस झाले होते. म्हणण्यासारखं त्याच्याकडे पुष्कळ होतं, पण ते मांडायची वेळ निघून गेली होती. मी स्वयंसेवक झालो तो त्यानंतर. म्हणून कार्यालयात कुणीही कागद घेऊन आलं की मी आधी विचारतो, हा तुमच्या हातात कुठल्या तारखेला पडला? तुम्हीही ती तारीख आज पाकिटावर लिहून ठेवा.

मालक कुलूप लावीन म्हणतो, असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. कोर्टाच्या हुकमाशिवाय भाडेकरूला घराबाहेर काढता येत नाही. वीज-पाणी तोडलं तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली कोर्टाकडे अर्ज करून ते पुन्हा सुरू करून घेता येतं. खरंच कुलूप लावलं तर पोलीस चौकीत ‘हा दिवाणी मामला आहे’ असं ऐकावं लागेल, तरी तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. मग विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली ताबा परत मिळवायचा दावा लावता येतो. तो सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो, हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

एखादा मध्यस्थ ‘लोकअदालतीत मिटवून टाकू’ म्हणेल. मिटवणं वाईट नाही. कित्येकदा मालकही थकबाकीचे हप्ते मान्य करतो आणि दोन्ही घरांची झोप परत येते. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. त्यामुळे हप्त्याचा आकडा आईच्या पगारातून खरोखर निघेल तेवढाच मान्य करा, आणि घर अमुक तारखेला सोडू असं त्यात लिहिलं असेल तर आपल्या वकिलाशिवाय सही करू नका. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.

सोबत न्या: नोटीस आणि तिचं पाकीट, करार असेल तर तो, भाड्याच्या पावत्या किंवा बँकेच्या नोंदी, आईचं आधार आणि रेशनकार्ड, वीजबिल. यातलं काही नसलं तरी जा. आईला बरोबर न्या, सही तिची लागेल. कामावर खाडा पडणार असेल तर आधी एकटे जाऊन अर्जाचा नमुना घेऊन या. आणि करार लिव्ह अँड लायसन्सचा आहे की नाही ते इथे कळवा, म्हणजे पुढचं सांगता येईल.